40 फुटी ट्रेलर डॉकला रिव्हर्स कसा लावायचा: नवीन ड्रायव्हर भावाला सविस्तर उत्तर

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा की तू आयशर चालवली, दहाचाकी चालवली, दोन्ही रिव्हर्समध्ये हाताला बसल्या होत्या, आता मालकाने 40 फुटी कंटेनरचा ट्रेलर दिलाय, जळगाव एमआयडीसीतून माल भरून न्हावा शेवाला न्यायचा, हायवेला काहीच अडचण नाही पण डॉकला, म्हणजे माल भरायच्या-उतरवायच्या ओट्याला, लावायला गेलं की ट्रेलर भलतीकडेच जातो, स्टेअरिंग जितकं फिरवावं तितकं जास्त बिघडतं, डॉकवरची माणसं ओरडतात, क्लीनर एक सांगतो आणि वॉचमन दुसरंच. आणि तू विचारलंय की काही ट्रिक आहे का आणि किती दिवसात जमेल.

ट्रिका आहेत, त्या सांगतो. पण आधी तुझ्या लिहिण्यातली एक ओळ मला खटकली ती म्हणजे "गेटमधून आत गेलो की लगेच रिव्हर्स टाकतो". तिथंच गडबड आहे. तुला वाटतंय तुझं स्टेअरिंग चुकतंय, मला वाटतं तुझी गाडी चुकीच्या जागेवरून सुरू होतेय. ट्रेलर डॉकला नीट बसणार की नाही हे बऱ्याच वेळा रिव्हर्स गिअर टाकायच्या आधीच ठरून गेलेलं असतं, घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची केबिनवाली गाडी, कुठं उभा आहे, ट्रेलरची शेपटी कुठं तोंड करून आहे आणि समोर किती जागा शिल्लक आहे यावर. वाईट जागेवरून सुरू केलं तर वीस वर्षं स्टेअरिंगवर बसलेला माणूसही घाम गाळतो, आणि चांगल्या जागेवरून नवीन पोरगासुद्धा आरामात लावतो. म्हणून मी सगळ्यात जास्त त्याच्यावरच बोलणार आहे.

पण त्याआधी उलटं-सुलटं स्टेअरिंग डोक्यात क्लिअर कर. दहाचाकीत मागची बाजू उजवीकडे न्यायची तर रिव्हर्समध्ये स्टेअरिंग उजवीकडे काटतोस, सरळ हिशोब. ट्रेलरमध्ये घोडा आणि ट्रेलर जोडणारा किंगपिनचा सांधा मध्ये आहे, तू घोड्याची मागची बाजू जिकडे ढकलशील त्याच्या विरुद्ध दिशेला ट्रेलरची शेपटी जाणार. म्हणजे शेपटी उजवीकडे हवी तर स्टेअरिंग डावीकडे, डावीकडे हवी तर उजवीकडे. हे पाठ करत बसू नको कारण टेन्शनमध्ये पाठ केलेलं सगळं विसरतं. त्यापेक्षा हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धर, घड्याळात 6 असतात तिथं. आता शेपटी जिकडे न्यायची तिकडे तो खालचा हात सरकव. शेपटी उजवीकडे हवी, हात उजवीकडे. बस. स्टेअरिंग आपोआप बरोबर दिशेला फिरतं आणि डोकं लावायची गरज राहत नाही. सुरुवातीला मी प्रत्येक नवीन पोराला असाच हात धरायला लावतो, नंतर सवय झाली की तो कुठूनही धरतो.

दुसरी गोष्ट सरळ मागे जातानाची. ट्रेलर ज्या आरशात जास्त दिसायला लागला, म्हणजे कंटेनरची बाजू आरशात रुंद व्हायला लागली, त्याच बाजूला स्टेअरिंग थोडं काट. उजव्या आरशात ट्रेलर वाढला, स्टेअरिंग उजवीकडे, थोडंसं, आणि लगेच परत सरळ. एवढंच. "थोडंसं" हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडची बरीच पोरं शेतातल्या ट्रॅक्टरची दोन चाकी ट्रॉली मागे घेऊन घेऊन तयार झालेली असतात, त्याचा फायदाही होतो आणि तोटाही. फायदा हा की उलटं स्टेअरिंग हातात आधीच असतं. तोटा हा की ट्रॉली आखूड, जरा काटलं की झटकन मोडते, म्हणजे सांध्यात दुमडते, आणि 40 फुटी ट्रेलरला स्टेअरिंग दिलं तरी सुरुवातीला काही होतच नाही, चाकं खूप मागे आहेत ना. मग पोरगं आणखी काटतं, तरी काही दिसत नाही, आणखी काटतं, आणि मग एकदम सगळं मिळून येतं आणि ट्रेलर मोडतो. लांब ट्रेलरचं असंच आहे, उशिरा कळतं आणि मग भरपूर कळतं. म्हणून थोडं काट, दोन-चार फूट जाऊ दे, काय झालं ते आरशात बघ, मग पुढचं ठरव. 20 फुटी ट्रेलर हाती आला तर उलट होईल, तो लवकर मोडतो, तिथं अजून हळू.

स्पीड तर विचारूच नको. गाडी आयडलवर जेवढी सरकते तेवढीच. रेस द्यायची नाही. आणि पाय सतत अर्ध्या क्लचवर ठेवून उभं राहायचं नाही, क्लच प्लेट जळते आणि वास यायला लागला की मालक विचारणारच. सगळ्यात खालच्या रिव्हर्सला पूर्ण क्लच सोडून गाडी सरकू दे, थांबायचं असेल तर पूर्ण थांब. हळू चालवण्याचा खरा फायदा असा की स्टेअरिंगला वेळ मिळतो, गाडी एक फूट सरकेपर्यंत तू स्टेअरिंग अर्धा राउंड फिरवून झालेला असतोस. लवकर सरकली तर तेवढ्याच स्टेअरिंगला तीन फूट जागा लागते आणि यार्डात तीन फूट कुठून आणणार.

आता मुख्य मुद्दा, गाडी उभी कुठून करायची.

आपल्या गाडीत ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणून ट्रेलरची शेपटी उजवीकडे वळत डॉकमध्ये शिरली पाहिजे, म्हणजे कंटेनरची उजवी बाजू, मागची चाकं, मागचा कोपरा, सगळं तुझ्या खिडकीतून आणि उजव्या आरशात दिसतं. शेपटी डावीकडे वळवत नेलीस तर उजवा आरसा रिकामा होतो आणि डाव्या आरशात जेवढं दिसेल तेवढ्यावर भागवायला लागतं, तेही केबिनच्या पलीकडून. म्हणून यार्डात शिरताना पहिलं काम, डॉक तुझ्या उजव्या हाताला येईल अशा दिशेने ये. शेडभोवती गोल फिरायला जागा असेल तर शेड उजव्या हाताला ठेवून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरून ये. चार पावलं जास्त फिरावं लागलं तरी चालेल, डिझेल पाच मिनिटांचं जाईल, पण डाव्या बाजूने आंधळा रिव्हर्स करायचा नाही, निदान पहिले काही महिने तर नाहीच. बऱ्याच कंपन्यांत वॉचमन सांगतो "इकडून या, जवळ पडतं". त्याला जवळ पडतं, तुला नाही. शांतपणे सांग की मी फिरून येतो.

डॉक उजवीकडे ठेवून, डॉकच्या समांतर, त्याच्यापासून साधारण एका गाडीच्या रुंदीएवढं अंतर सोडून हळू पुढे ये. जाता जाता खिडकीतून आपला बे, म्हणजे डॉकवर आपली गाडी लावायची जागा, नीट बघून घे, शेजारच्या बेमध्ये गाडी आहे का, तिचं तोंड किती बाहेर आहे, खाली काही पडलंय का, वर छत किंवा पत्रा किती खाली आलाय. तुझी केबिन आपल्या बेच्या पुढे निघाली की स्टेअरिंग डावीकडे काट, डॉकपासून लांब, घोडा साधारण अर्ध्या काटकोनात बाहेर जाऊ दे, आणि ट्रेलर मागे मागे येऊ लागला की मग स्टेअरिंग उजवीकडे आणून घोडा परत ट्रेलरच्या रेषेत आण. थांब. आता काय झालं बघ, पूर्ण गाडी तिरकी उभी आहे, घोडा आणि ट्रेलर जवळपास एका रेषेत आहेत, आणि ट्रेलरची शेपटी उजव्या आरशात बेकडे तोंड करून आहे. अर्धं वळण तर तू पुढे जातानाच करून टाकलं. रिव्हर्समध्ये आता फक्त उरलेलं अर्धं करायचं. तू सध्या करतोयस ते असं की डॉकच्या समांतर उभा राहून तिथूनच पूर्ण काटकोन रिव्हर्समध्ये वळवायला बघतोस, म्हणून घोडा इतका मोडावा लागतो की शेवटी कैची लागते, म्हणजे घोडा आणि ट्रेलर कात्रीसारखे दुमडून अडकतात.

केबिन बेच्या नक्की किती पुढे न्यायची हे यार्ड किती मोठं त्यावर आहे, ठरलेलं माप कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नको. समोर भिंत जवळ असेल तर लवकर काटावं लागतं. घोडा धरून अशी गाडी 15 मीटरच्या वर जाते, एकटा कंटेनरच 12.19 मीटर लांब आहे, तेव्हा समोर गाडीच्या लांबीएवढी जागा तरी पाहिजेच, दुप्पट असेल तर स्वर्ग. जागा कमी असली तर ते काम तुझ्या हातून एका फटक्यात होणारच नाही, पुढे-मागे करावं लागणार, हे आधीच मनात धर.

आता उतर. हो, गाडी लावून, हॅण्डब्रेक ओढून खाली उतर आणि चालत मागे जा. शेपटीपासून बेपर्यंत चाल. मागची चाकं कुठून जाणार ते जमिनीवर बघ, कारण ट्रेलर फिरतो तो मागच्या चाकांभोवती, मागच्या कोपऱ्याभोवती नाही. चाकांच्या रस्त्यात खड्डा, पेव्हर उखडलेला, लोखंडी पट्टी, पॅलेटचा तुकडा काहीही असेल तर तिथं ट्रेलर झटका खाऊन दिशा बदलतो. डाव्या बाजूच्या शेजारच्या गाडीचा कोपरा बघ, कारण तुझ्या ट्रेलरचा डावा मागचा कोपरा तिकडूनच जाणार आणि तो तुला सीटवरून दिसणार नाही, डाव्या आरशात त्या वेळी नुसतं रिकामं यार्ड असतं. आणि ट्रेलरच्या खाली बघ. ही गोष्ट मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या वर जातो, यार्डात झाड नसतं, हमाल लोक दुपारी उभ्या ट्रेलरच्या सावलीत, चाकांना टेकून झोपतात. तोंडावर रुमाल, डोक्याखाली चपला. आरशात ते कधीच दिसणार नाहीत. हॉर्न वाजवला तरी दिवसभर हॉर्न ऐकून त्यांना सवय झालेली असते. म्हणून उतरून, वाकून, दोन्ही बाजूंनी बघायचं, आणि कोणी असेल तर उठवून, तो लांब गेलेला डोळ्यांनी बघूनच गाडीत चढायचं. पुढे घेताना पण हेच, मागे घेताना पण हेच.

चढलास की काच पूर्ण खाली, गाणी बंद, मोबाईल बाजूला. आता रिव्हर्स.

सुरुवातीला स्टेअरिंग थोडं डावीकडे, म्हणजे खालचा हात उजवीकडे, शेपटी उजवीकडे वळायला लागते. उजव्या आरशात मागची चाकं आणि मागचा कोपरा धरून ठेव, नजर तिथंच, मध्ये मध्ये एक नजर डावीकडे आणि एक समोर. शेपटी बेच्या दिशेने वळायला लागली, पाहिजे तेवढा कोन पडला की लगेच स्टेअरिंग उजवीकडे आणायला सुरुवात कर, म्हणजे घोडा ट्रेलरच्या मागे मागे यायला लागतो. हे नवीन पोरांकडून उशिरा होतं, ती कोन पूर्ण होईपर्यंत थांबतात आणि तोवर कोन पुढे निघून गेलेला असतो. आधी सांगितलं तसं ट्रेलर उशिरा ऐकतो, म्हणून स्टेअरिंग परत आणायचं ते पाहिजे त्या कोनाच्या आधी. मग घोडा हळूहळू ट्रेलरच्या रेषेत येतो, दोन्ही आरशात कंटेनर सारखा दिसायला लागतो, आणि तिथून पुढे फक्त सरळ रिव्हर्स उरतो. घोडा रेषेत येताना त्याचं तोंड डावीकडे झाडत जातं हे लक्षात ठेव, समोर कोणाची गाडी, बाईक, वजनकाट्याची केबिन असेल तर सगळं लक्ष मागे असताना पुढचा बंपर तिथं लागतो.

कोन जास्त झाला हे कसं ओळखायचं? केबिनच्या मागच्या कोपऱ्याजवळ कंटेनरचा पुढचा कोपरा यायला लागला, एअर पाइप ताणायला लागले, स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे लॉकपर्यंत काटूनही ट्रेलर मोडतच चाललाय, तर थांब. एक इंचही मागे नको. एका हद्दीनंतर रिव्हर्समध्ये तो सरळ होतच नाही, कितीही काट. फक्त पुढे घेतल्यानेच होतो. आणि पुढे घेतलं की फार डोकं न लावता होतो, कारण पुढे ओढलं की ट्रेलर घोड्याच्या मागे आपोआप रेषेत येतो. म्हणून पुढे घे, भरपूर पुढे घे, दोन फूट नाही, ट्रेलर सरळ दिसेपर्यंत, मग परत ये.

हे पुढे घेणं म्हणजे हरणं नाही. यार्डात पाच माणसं बघत असतात, डॉकवर सुपरवायझर घड्याळ दाखवतो, मागे एक पिकअपवाला हॉर्न मारतो, आणि पोरगं त्यांच्या लाजेने वाईट कोन तसाच रेटत मागे नेतं. नुकसान तिथं होतं. शेजारच्या गाडीचा दिवा फुटला, डॉकचा बंपर तुटला, कंटेनरला खड्डा पडला तर त्या पाच माणसांपैकी एकही पैसे भरायला येणार नाही, शिपिंग लाइन खड्ड्याचे पैसे लावते ते शेवटी तुमच्याच ट्रान्सपोर्टच्या डोक्यावर. जुने चांगले ड्रायव्हर बघ, ते पण पुढे घेतात, फक्त लवकर घेतात, थोडं बिघडलं की लगेच, म्हणून बघणाऱ्याला कळतच नाही. आमच्या उस्तादांचं एकच वाक्य असायचं, "कसाले घाई करी राह्यना भो", म्हणजे कशाला घाई करतोयस भाऊ, आणि ते स्वतः डॉक कितीही सोपा असला तरी एकदा उतरून बघितल्याशिवाय लावायचे नाहीत.

आता क्लीनर. तू लिहिलंय तो एक सांगतो आणि वॉचमन दुसरं. मग दोघांचं ऐकायचंच नाही, एकाचंच ऐकायचं, आणि तो कोण हे गाडी सुरू करायच्या आधी ठरवायचं. क्लीनरला उभा कुठं करायचा ते तू ठरव. त्याला डाव्या मागच्या कोपऱ्याकडे, पण ट्रेलरच्या रस्त्याच्या बाहेर, बाजूला उभा कर, जिथून तो तुला आरशात दिसेल. डाव्या आरशात दिसत नसेल तर गाडी हलू नये. हा नियम त्यालाही सांग, "मी तुला आरशात दिसत नसलो तर तूही मला दिसत नाहीस, आणि तू दिसला नाहीस तर मी थांबणार". "येऊ दे येऊ दे" हे शब्द काही कामाचे नाहीत, इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाहीत आणि आलं तरी "येऊ दे" म्हणजे किती, दहा फूट की सहा इंच? हाताच्या खुणा ठरवा. दोन्ही हातांतलं अंतर म्हणजे उरलेली जागा, तळहात समोर म्हणजे थांब. बाकी काही नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटच्या दहा फुटांत ट्रेलर आणि डॉकच्या मध्ये कोणीही, कोणीही येता कामा नये. रबर बंपर नीट करायला, पडलेला पॅलेट उचलायला, दार हुकात अडकवायला माणसं पटकन मध्ये शिरतात. डॉक काँक्रीटचा आहे, ट्रेलर काही टनांचा आहे, मध्ये माणसाला जागा नाही. गाडीच्या मागे आवाज येत असेल, क्लीनर गायब असेल, कोणी धावताना दिसलं, तर ब्रेक मार आणि उतर. तुला घाबरट म्हटलं तरी चालेल.

दारांचं राहिलं. कंटेनरची दारं बेमध्ये शिरायच्या आधी उघडायची असतात, आत गेल्यावर शेजारच्या गाडीमुळे आणि डॉकमुळे ती उघडतच नाहीत आणि मग परत सगळं बाहेर. म्हणून गाडी बेच्या रेषेत सरळ झाली, डॉकपासून पंधरा-वीस फूट राहिली की थांब, दारं उघड, पूर्ण फिरवून कंटेनरच्या बाजूला लाव आणि हुकात अडकव. हुक नाही लावला तर वाऱ्याने दार परत येतं आणि शेजारच्या गाडीवर आदळतं. भरलेला कंटेनर असेल तर दारासमोर उभं राहून उघडू नको, आत माल सरकलेला असतो, गोणी डोक्यावर येते, बाजूला उभं राहून हळू उघड. आणि सील असेल तर हात लावायच्या आधी कंपनीच्या माणसाला बोलव, नंबर त्याच्यासमोर बघ.

मग शेवटचे पंधरा-वीस फूट. इथं आधीपेक्षा अर्ध्या स्पीडने. डॉकला ठोकायचं नाही, टेकवायचं. रबर बंपर असतात म्हणून पोरं बिनधास्त आपटतात, त्याने बंपर जातात, मागचा लाइटचा बार वाकतो. डॉक साधारण चार फूट उंच असतो आणि कंटेनरचा तळ बऱ्याचदा त्याच्यापेक्षा वर असतो, मधलं अंतर डॉक लेव्हलर भरून काढतो, लेव्हलर नसेल तर लोखंडी प्लेट टाकतात. पण गाडी तिरकी लागली, एका बाजूला टेकली आणि दुसऱ्या बाजूला वीतभर फट राहिली तर फोर्कलिफ्टचं चाक त्या फटीत जातं. तेव्हा फट दिसली तर चालतंय म्हणू नको, पुढे घेऊन परत सरळ लाव.

आपल्या भागातल्या जागा वेगवेगळ्या आहेत हेही सांगतो, कारण शिकवणारे सगळे मोठ्या वेअरहाऊसच्या हिशोबाने शिकवतात. जळगाव एमआयडीसीत पाइपवाले, चटईवाले, डाळ मिलवाले, यांच्या जुन्या शेडमध्ये यार्ड अरुंद, गेट अरुंद, आणि बऱ्याच ठिकाणी रस्त्यावरूनच रिव्हर्स आत घ्यावं लागतं. तिथं क्लीनरला आधी रस्त्यावर उभा करून ट्रॅफिक थांबवायला लाव, आणि शक्यतो शिफ्ट सुटायच्या वेळेला तिथं रिव्हर्स घेऊ नको, बाईकवाले ट्रेलर आणि गेटच्या मधून निघायला बघतात. धरणगाव, चोपडा, शहादा या पट्ट्यातल्या जिनिंगला बऱ्याच ठिकाणी धड डॉक नसतोच, गाठी जमिनीवरून फोर्कलिफ्टने चढतात, आणि सीझनला यार्डात कपाशीचे ढीग, ट्रॅक्टर, छोटा हत्ती यांची गर्दी. तिथं सायलेन्सर कपाशीच्या ढिगाला लागेल इतकं जवळ जायचं नाही आणि विडी-सिगारेट तर गेटच्या बाहेरच. रावेर, सावदा, फैजपूरकडच्या केळीच्या पॅक हाऊसला रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, लावायचा असेल तर तिथली अडचण वेगळी, शेतातल्या रस्त्याने आत जायचं, कडेला काळी माती. पाऊस पडला असेल तर चाक काँक्रीटच्या किंवा मुरमाच्या खाली उतरवायचंच नाही, भरलेला ट्रेलर काळ्या मातीत रुतला की क्रेनच बोलवा. आणि रीफर हाय क्यूब असतो, साध्या कंटेनरपेक्षा एक फूट उंच, साडेनऊ फूट नुसता कंटेनर, खाली ट्रेलर वेगळाच. वरची वायर, पत्र्याचं छत, गेटची कमान, सगळं बघून जा. डॉककडे उतार असेल तर अजून सांभाळ, कारण उतारावर गाडी मागे झुकते आणि खालचा बंपर टेकायच्या आधी कंटेनरचा वरचा कोपरा भिंतीला किंवा छताला लागतो, आणि ते सीटवरून अजिबात दिसत नाही.

दुपारनंतर शेपटी पश्चिमेकडे करून मागे घ्यायचं असेल तर ऊन थेट आरशात येतं, तेव्हा आरसा थोडा हलव, काच पुसून घे, किंवा सरळ दोन मिनिटं थांब. आरशांचं सेटिंग रोज सकाळी बघत जा: थोडी कंटेनरची बाजू, मागची चाकं जमिनीला टेकलेली, आणि बाजूची मोकळी जागा. गोल आरशात सगळं आहे त्यापेक्षा लांब दिसतं, त्यावर अंतर ठरवू नको, त्यात फक्त कोणी आहे का एवढंच बघ.

किती दिवसात जमेल याचं उत्तर कोणी देऊ शकत नाही, पण लवकर जमायचं असेल तर चालू कामावर शिकू नको. मालकाला विचारून सुट्टीच्या दिवशी रिकामा ट्रेलर घेऊन कंपनीच्या किंवा ट्रान्सपोर्टच्या मोकळ्या जागेत जा, पब्लिक रोडवर नाही. रिकामे प्लास्टिकचे ड्रम किंवा जुने टायर ठेव, विटा-दगड नको. पहिले काही तास फक्त सरळ रिव्हर्स, बाकी काही नाही, शंभर-दीडशे फूट मागे, दोन ड्रमांच्या मधून. कंटाळवाणं आहे पण हातात "थोडंसं" तिथंच येतं. मग तिरका उभा राहून बेमध्ये घालायचा, उजव्या बाजूने. ते दहापैकी आठ वेळा जमायला लागलं की मग काटकोन. डावी बाजू सगळ्यात शेवटी, तीही कोणी अनुभवी शेजारी असेल तेव्हा. प्रत्येक वेळी बिघडलं की सुरुवात कुठून केली होती ते उतरून जमिनीवर टायरच्या खुणांत बघ, बऱ्याचदा चूक तिथंच सापडते.

गाडी लागल्यावर काम संपलं असं समजू नको. हॅण्डब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात, आणि मागच्या चाकांना पुढून लाकडी ठोकळा. फोर्कलिफ्ट आत-बाहेर करताना दर वेळी ब्रेक मारते आणि ट्रेलरला थोडा थोडा पुढे ढकलते, तासाभरात एवढी फट पडते की फोर्कलिफ्ट खाली जाऊ शकते. मध्ये एकदा जाऊन फट बघून ये. आणि निघताना "झालं, काढा गाडी" असं कोणी लांबून ओरडलं तर त्यावर गाडी काढायची नाही. स्वतः डॉकवर जा, फोर्कलिफ्ट बाहेर आली का, लेव्हलर खाली झाला का, आत माणूस नाही ना हे डोळ्यांनी बघ, ठोकळा काढ, परत एकदा ट्रेलरखाली वाकून बघ, मग पंधरा-वीस फूट पुढे घेऊन थांब आणि दारं लाव.

तू ज्या कंपनीत अडकतोस तिथलं गेट डॉकच्या कोणत्या बाजूला आहे आणि समोर भिंत किती फुटांवर आहे ते पावलांनी मोजून कळव. त्या जागेवर डॉक उजव्या हाताला घेता येतो का ते आधी बघू, नसेल येत तर डाव्या बाजूने कसं लावायचं ते वेगळं सविस्तर सांगतो.